कारण : ऐकत नाही

पोस्टमनला कुत्रा चावला तर चूक पोस्टमनची, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो स्वतः पोस्टमन होता. रायपूरच्या ब्राह्मणपारा नावाच्या मोहल्ल्यात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत त्यांनी उभी नोकरी डाक वाटली आणि तेवढ्यात त्यांना अकरा वेळा कुत्री चावली. अकराच्या अकरा कुत्र्यांची नावं, घरं आणि मालकांची आडनावं त्यांना पाठ होती. पॅन्टचा पायचा वर करून ते पोटरीवरच्या खुणा दाखवायचे. "हा मोती. लय इमानदार होता बाप्पा. अन् हा टायगर. नाव टायगर, पण होता भित्रा. भित्रंच कुत्रं जास्त चावते."

रिटायर झाल्यावर माणसं तीर्थाला जातात, नातवंडं सांभाळतात, निदान बागेत जाऊन सरकारला शिव्या देतात. यांनी कुत्री-मांजरं जमवली. अभनपूरच्या रस्त्याला एक बंद पडलेली पोहा मिल होती. तिच्या मालकाने यांना आवार वापरू दिलं. तिथे पत्र्याचे गाळे उभे राहिले, एक हातपंप होता, एक कडुनिंब होता, आणि गेटवर पाटी होती : 'रास्ते पर मत छोड़िए, यहाँ दे जाइए.' सगळे त्यांना काका म्हणत. मीही तेच म्हणतो, कारण नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. पाकिटावर नाव असतं, माणसावर कशाला, असं काहीतरी तिरकं बोलतील.

काका तिथेसुद्धा खाकी शर्टच घालायचे. कोपरावर ठिगळ, खिशाला लाल पेन्सिल. सायकलवरून गेटात शिरताना दोनदा घंटी वाजवायचे आणि सगळं आवार चिडीचूप व्हायचं. मी वाजवून पाहिली तर कान फाटेस्तोवर भुंकली लेकाची.

लोक काय काय आणून देत, ते पाहिलं की डोकं फिरायचं. एका इंजिनिअरिंगच्या पोट्ट्याने हस्की आणला होता. बर्फातला कुत्रा, आणि आपल्या मे अखेरच्या नवतप्यात, जेव्हा गोल बाजारातली भांडीसुद्धा हाताला चटका देतात! फोटो काढून झाले, कूलर परवडेना, म्हणून आणला. कोणाच्या घरी बाळ येणार असायचं. कोणाची बदली. कोणाचा घरमालक म्हणे, कुत्रा ठेवा नाहीतर घर ठेवा. कोणी म्हातारा लॅब्राडोर आणायचा, आणि गाडीच्या मागच्या सीटवर नवीन पिल्लू बसलेलं असायचं. काही जण तर गेटला बांधून पसार. सकाळी बघावं तर दोरी, दोरीला कुत्रं आणि शेजारी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. पुडा फोडलेला नाही बरं का! बांधलेलं कुत्रं पुडा फोडणार कसं, एवढाही विचार नाही.

काका कोणालाच परत पाठवत नसत. भाषणही देत नसत. फक्त एक फॉर्म पुढे सरकवत. जनावराचं घरचं नाव, वय, काय खातो, कशाला भितो, कोणाजवळ झोपतो, आणि सगळ्यात खाली मोठा रकाना : कारण. हा शब्द हिंदीतही तोच, मराठीतही तोच, त्यामुळे सुटका नव्हती. कारण मालकाने स्वतःच्या हाताने लिहायचं आणि खरं लिहायचं. लोक आधी 'मजबूरी' लिहीत. काका लाल पेन्सिलीने ते खोडत आणि म्हणत, "मजबूरी हे कारण नाही जी, आडनाव आहे. सगळ्यांचंच असते. तुमचं कारण सांगा."

एकदा एक गृहस्थ पांढरीशुभ्र मांजर घेऊन आले. कारण लिहिलं, ॲलर्जी. काकांनी ती मांजर उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि समोर स्टूल टाकून बसले. अर्धा तास झाला. मांजर घोरायला लागली. काका म्हणाले, "शिंका ना जी." गृहस्थ लालबुंद. शेवटी बोलले, नवीन सोफा घेतलाय, ही नखं घासते. "हां! आता कसं बोलले. लिहा, सोफा." त्यांनी मुकाट्याने 'सोफा' लिहिलं आणि काकांनी मुकाट्याने मांजर घेतली. ते गेल्यावर मी म्हटलं, काका, एवढा पाणउतारा कशाला? तर म्हणाले, "पाणउतारा नाही बाप्पा. ॲलर्जी लिहून ठेवलं असतं, तर मी हिले दुसऱ्या सोफेवाल्याच्याच घरी देऊन आलो असतो ना! खोट्या पत्त्यावर चिठ्ठी पोचते का?"

मग तो फॉर्म फाइलला लावायच्या आधी ते त्यावर डाकखात्याचा शेरा मारायचे. हे त्यांचं वेड. जन्मभर परत जाणाऱ्या पत्रांवर जे शेरे लिहिले, तेच इथे. घर बदलणाऱ्यांसाठी 'पत्ता सोडून गेले'. गेटला बांधून पळणाऱ्यांसाठी 'पत्ता अपूर्ण'. सोफेवाल्याला 'घेण्यास नकार'. एक बाई बदलीमुळे कुत्री ठेवायला आल्या होत्या. नवऱ्याने लिहिलं, त्या नुसत्या रडत होत्या आणि कुत्रीची गोधडी सोडत नव्हत्या. काकांनी त्यांना पाणी दिलं, गोधडीसुद्धा ठेवून घेतली आणि त्या फॉर्मवर काहीच शेरा मारला नाही. म्हणाले, "हिचं कारण खरं आहे. त्याच्यावर मी काय लिहू?"

हे सगळं मी नंतर पाहिलं. मी पहिल्यांदा तिथे गेलो तो काही समाजसेवा करायला नाही. मी माझा कुत्रा द्यायला गेलो होतो.

माझा कुत्रा म्हणजे आईचा. आम्ही ब्राह्मणपारा सोडून फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा आईला करमेना. मी नवा रायपूरला ऑफिसात, बायको शाळेत शिकवायला, मुलगी चिनू दुसऱ्या शाळेत शिकायला. एक दिवस आई जिन्याखालून एक तपकिरी, पांढऱ्या छातीचं पिल्लू पदरात घालून घेऊन आली. चिनूने त्याचं नाव ठेवलं ब्रूनो. पुढची चार वर्षं तो आणि आई, आई आणि तो. माझी बायको बिलासपूरची, हिंदीभाषी. घरात हिंदीच चालायची. मी आईशी बोलतानासुद्धा निम्मं हिंदीच बोलायचो. ती मराठीत विचारायची, मी हिंदीत उत्तर द्यायचो, आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेली. त्यानंतर ब्रूनो बिघडला. म्हणजे आम्ही तसं म्हणायचो. नावाने हाक मारली तर मान वळवायचा नाही. पाहुणे आले की भुंकायचा, आम्ही ओरडायचो, "बस! बस!" तर हा खुशाल खाली बसायचा आणि बसल्या बसल्या भुंकायचा. चप्पल फाडली, की मी सगळ्यांना उभं करून विचारायचो, "ये किसने किया?" आणि हा शेपूट हलवत पुढे यायचा. चिनू टाळ्या पिटायची, "देखो पापा, गुनाह कबूल कर रहा है!" आम्ही हसायचो. मग हसणं बंद झालं, कारण तो जेवेनासा झाला, दिवसभर आईच्या पलंगाखाली पडून राहायला लागला, आणि हात लावला की गुरगुरायला लागला.

आणि एका संध्याकाळी तो चिनूला चावला. ती बिस्कीट खात होती आणि त्याला चिडवत होती, "ये मेरा है! ये मेरा है!" त्याने झेप घातली, बिस्किटाबरोबर तिचा हातही तोंडात आला. दोन टाके पडले. मी त्याला चपलेने झोडपला. खोटं कशाला बोलू, दात-ओठ खात झोडपला. बायको म्हणाली, "बच्ची है हमारी. अब ये घर में नहीं रहेगा." मी म्हटलं, ठीक आहे. मला तर सुटल्यासारखंच वाटलं.

असा मी काकांसमोर जाऊन बसलो. माझं आडनाव ऐकल्याबरोबर त्यांनी चष्मा वर केला. "मंदिराच्या मागच्या गल्लीतले काय? तुमच्या आईले मी वर्धेच्या बहिणीची पत्रं आणून देत होतो. कशी आहे बाई?"

"माँ तो नहीं रहीं, काका. तीन महीने हुए."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाले, "आडनाव मराठी अन् जबाब हिंदीत? पत्ता एक अन् पिनकोड दुसरा!" मला राग आला. आईच्या मरणाच्या बातमीवर हा काय बोलतोय! मी फॉर्म ओढला आणि भराभर भरला. नाव, ब्रूनो. वय, चार. कोणाजवळ झोपतो, इथे मी 'माँ के पास' लिहिलं आणि पेन थांबलं. तसंच ठेवलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कुत्ता सुनता नहीं है.'

काकांनी ते दोनदा वाचलं. "ऐकत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. लाल पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली. शेरा मारलाच नाही. "एक महिना तुमच्या नावानं ठेवतो. तोवर मन बदललं तर घेऊन जा. महिना झाला, की जो मागन त्याले देऊन टाकीन. मग मले विचारायले यायचं नाही."

मी म्हटलं, मन बदलणार नाही. ब्रूनोकडे मागे वळून पाहिलं नाही. पण गेटाशी चप्पल अडकली म्हणून थांबलो, तेव्हा काकांची संध्याकाळची फेरी सुरू झालेली दिसली. तिथे काम करणारी बिसाहिन नावाची बाई भाताचं घमेलं घेऊन पुढे आणि काका खांद्याला रिकामी डाकेची थैली अडकवून मागे. प्रत्येक गाळ्यासमोर थांबून ते आतल्या जनावराला नावाने हाक मारत आणि सांगत, "आज तुझं काही आलं नाही बाप्पा. उद्या पाहू." पुढचा गाळा. "तुझंही नाही आलं. उद्या पाहू." ब्राह्मणपाऱ्यात दारात वाट पाहत बसलेल्या म्हाताऱ्यांना ते असंच सांगायचे. माझी आईसुद्धा तशीच बसायची. मला वाटलं, या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. स्कूटरला किक मारली आणि निघालो.

दहाव्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला.

"तुमची आई या कुत्र्याले ब्रूनोच म्हणे का जी?"

"नहीं काका, ब्रूनो तो बच्ची ने रखा था..."

"हिंदीत मले ऐकू येत नाही. मराठीत सांगा."

बिसाहिनशी अस्सल छत्तीसगढ़ीत बोलणाऱ्या माणसाला हिंदी ऐकू येत नाही म्हणे! पण मी मराठीत सांगितलं, "आई त्याला खंड्या म्हणायची."

"काय म्हणे?"

"खंड्या."

"जोरात म्हणा. फोन त्याच्याच कानाले लावला आहे."

मी कॉरिडॉरमध्ये उभा. एका बाजूला साहेबांची केबिन, दुसऱ्या बाजूला फायली घेऊन शिपाई. मी तोंडावर हात धरला आणि म्हटलं, "खंड्या! ए खंड्या!" पलीकडून असा आवाज आला, जो मी तीन महिन्यांत ऐकला नव्हता. कुंई कुंई नाही, भुंकणं नाही. आई भाजी घेऊन जिना चढायची तेव्हा तो दाराआडून काढायचा, तो आवाज. शिपाई माझ्याकडे पाहायला लागला, तेव्हा कळलं की माझे डोळे भरलेत. मी नाक शिंकरल्यासारखं केलं. काका म्हणाले, "रविवारी या," आणि फोन ठेवून दिला.

रविवारी गेलो. काका कडुनिंबाखाली बसले होते, खंड्या त्यांच्या पायाशी. मला पाहून उठला नाही.

"तुमची आई माझ्याशीसुद्धा कधी हिंदीत बोलली नाही," काका म्हणाले. "सबंध पाऱ्यात एकटी बाई, जी पोस्टमनले 'बसा ना जी, पाणी घ्या' म्हणे. दहा दिवस हा जेवला नाही. बिसाहिन म्हणे, कका, कुकुर भैरा हे, बहिरा आहे म्हणून. मग मले तुमच्या आईचा आवाज आठवला. मी याले म्हटलं, सरक बाप्पा. हा सरकला! आता सांगा, पाहुणे आले अन् हा भुंकला, तर तुम्ही काय म्हणत होते?"

"बस, बस, असं ओरडायचो."

पडलेला खंड्या उठून बसला.

"पाहा. मग घरी बसत होता का नाही?"

"बसायचा. पण भुंकतच राहायचा."

"अरे, तुम्ही त्याले बसायले सांगितलं, तो बसला! भुंकू नको म्हणून कोणी सांगितलं?"

मला हसू फुटलं. बिसाहिनही पदर तोंडाला लावून हसायला लागली. काकांचं सुरूच. "अन् घरात काय मोडलं-फाटलं तर काय विचारत होते?"

"ये किसने..." एवढंच मी बोललो आणि थांबलो. कारण खंड्या उठून माझ्याजवळ आला होता.

पुढचं काकांनी विचारलं नाही. विचारायची गरजच उरली नाही, माझं मलाच सगळं दिसायला लागलं. 'ये मेरा है, ये मेरा है,' चिनू म्हणत होती. चार वर्षं आई त्याला खाऊ दाखवून 'ये' म्हणत आली, आणि तो आला. आणि मग मी. एका हाताने त्याचा पट्टा धरून, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन मी ओरडत होतो, "ये क्या किया! ये क्या किया तूने!" पट्टा माझ्या हातून केव्हाच सुटला होता. तो पळाला नाही. पलंगाखाली गेला नाही. मी प्रत्येक वेळी 'ये' म्हणत होतो आणि प्रत्येक वेळी तो माझ्या जवळ येत होता. मी म्हटलं, मुजोर आहे साला, आणि आणखी मारलं.

मी ते काकांना सांगितलं. त्यांनी माझी समजूत काढली नाही. फाइलमधून माझा फॉर्म काढला, कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा ऐकते जी. चांगला ऐकते. तेव्हाच मले शंका आली होती, म्हणून शेरा नाही मारला. कारण खोटं होतं." मी म्हटलं, मग द्या, आत्ताच घेऊन जातो. त्यांनी फाइल बंद केली. "टाके कोणाले पडले? तुले पडले का? जिले पडले तिले घेऊन ये. अन् तिच्या आईले." त्या दिवशी ते मला पहिल्यांदा 'तू' म्हणाले.

बायकोला पटवायला दोन रविवार गेले. तिची चूक नव्हती. ती म्हणायची, "भाषा समझता है, ठीक है. लेकिन दाँत तो वही हैं ना?" चिनू हातावरची खूण चोळत बसायची. इकडे महिना संपत आला. काकांनी फोनवर एवढंच कळवलं, की अभनपूरच्या एका खत-बियाणांच्या दुकानदाराला राखणीला कुत्रा हवाय, त्याला खंड्या पसंत पडलाय आणि महिना पुरा होतो त्या रविवारी तो येणार आहे. मी बायकोला म्हटलं, घरी आणू नकोस, पण एकदा येऊन तर बघ. पुढचं तू म्हणशील तसं.

आम्ही तिघं पोचलो तेव्हा दुकानदार आधीच हजर होता, टेम्पो घेऊन, हातात जाडजूड साखळी. गाळ्यासमोर उभा राहून तो खंड्याला बोलवत होता. "आओ बेटा! इधर आओ! खड़ा हो!" खंड्या पंजावर तोंड ठेवून ढिम्म. दुकानदार वैतागला. "काका, सुनता ही नहीं है."

आणि काका, दुसऱ्याच्या तोंडून खरं कारण काढल्याशिवाय पाणी न पिणारे काका, कडुनिंबाकडे पाहत म्हणाले, "हाँ भैया. थोड़ा ऐसा ही है."

दुकानदार पाचव्या गाळ्यातला काळा, धिप्पाड कुत्रा घेऊन खुशीत गेला. टेम्पो वळल्यावर काका माझ्यावर खेकसले. "काय बे, किती उशीर? जन्मात पहिल्यांदा कारण लपवलं मी, तुझ्यापायी!"

मग त्यांनी चिनूला जवळ बोलावलं. ती आईच्या मागे लपली. काका तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "बेटा, तुम्हारी दादी इसको कैसे बुलाती थी?" ज्यांना हिंदी ऐकू येत नव्हती, तेच काका! चिनूने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काकांनी गाळ्याचं दार उघडलं. बायकोने चिनूचा खांदा घट्ट धरला, तिची बोटं पांढरी पडली होती.

चिनू अगदी हळू म्हणाली, "खंड्या... ये."

तो आला. धावत नाही, झेप नाही. एकेक पाऊल टाकत आला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ती म्हणाली, "बस." तो बसला. तिने खूण असलेला हात पुढे केला, तो त्याने चाटला. चिनूने ओला हात फ्रॉकला पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पापा, उस दिन मैंने ही तो बुलाया था उसको."

बायको रडायला लागली. मी तर केव्हाचाच रडत होतो. बिसाहिनने विचारलं, "ले जाही का, कका?" काका मान डोलावत म्हणाले, "हव." आणि खांद्यावरची थैली सारखी करत खंड्याजवळ वाकून बोलले, "तुझं आलं रे, बाप्पा. घे."

न्यायचं असलं तरी फॉर्म भरावाच लागायचा. न्यायचं कारण काय? मी मराठीत लिहायला बसलो. शाळेनंतर पहिल्यांदाच. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ झाला. 'हा ऐकतो, आम्हीच बोलत नव्हतो' असं लिहिलं. काकांनी लाल पेन्सिलीने एक वेलांटी दुरुस्त केली आणि खाली शेरा मारला : 'पोचलं'.

त्यानंतर मी दर रविवारी तिथे जायला लागलो. फॉर्म फाइलला लावायचो, हातपंप चालवायचो, शिव्या खायचो. घरी आमचं अजबच सुरू झालं. खंड्याशी सगळे मराठीत बोलायचे, आपसात हिंदीत. बायको त्याला म्हणायची, "चल, जेवून घे," आणि मला, "तुम भी आ जाओ." एकदा मी तक्रार केली, तर चिनू म्हणाली, "तुम हिंदी समझते हो ना पापा, उसका क्या?" पुढे पुढे ती माझ्याशीसुद्धा अर्धं वाक्य मराठीत बोलायला लागली. खंड्याकडून शिकलेली मराठी, त्यामुळे बहुतेक हुकूमच. "पापा, सरका." "पापा, नको म्हटलं ना." मी सरकतो.

काकांचा मुलगा नागपूरला असतो. गुडघ्यांनी दगा दिला, सायकलवरून दोनदा पडले, तेव्हा तो त्यांना न्यायला आला. आवार जनावरांच्या दोन तरुण डॉक्टरांनी चालवायला घेतलं, फॉर्म तेवढा तोच ठेवला. मुलगा बिचारा चांगला होता. कपाळाला हात लावून मला सांगायला लागला, "काय करू जी, किती वर्षांपासून म्हणून राहिलो, चला म्हणून. बाबा ऐकतच नाहीत." काका कारच्या मागच्या सीटवर बसले होते. तिथून ओरडले, "लिहून घे बे! कारण लिहून घे त्याच्याकडून!" आणि एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. मला मात्र हसता आलं नाही. कार गेल्यावर मी त्यांच्या सायकलची घंटी दोनदा वाजवली, तर सगळं आवार भुंकायला लागलं.

आता दर रविवारी सकाळी नागपूरहून फोन येतो. माझ्याशी दोन वाक्यं. जेवले का, चिनूची परीक्षा कधी, बस. मग म्हणतात, "लाव त्याच्या कानाले."

खंड्या म्हातारा झालाय. तोंडाभोवती पांढरं झालंय, मागचे पाय घसरतात. आणि गेल्या पावसाळ्यापासून त्याला काहीच ऐकू येत नाही. डॉक्टरांनी टाळ्या वाजवून पाहिलं, भांडं आपटून पाहिलं, म्हणाले, वय झालं. आता आम्ही त्याला हाताने बोलावतो, जमिनीवर पाय आपटून जेवायला उठवतो. चिनू मात्र अजून रोज शाळेतून आल्यावर त्याच्या शेजारी बसून 'ये' म्हणते आणि स्वतःच सरकून त्याच्याजवळ जाते.

काकांना मी हे सांगितलेलं नाही. मी फोन खंड्याच्या कानाला लावतो. काका बराच वेळ बोलतात, वर्धेच्या पत्रांचं, मोतीचं, टायगरचं, गुडघ्यांचं. खंड्या झोपलेला असतो. मग त्यांचा आवाज मोठा होतो, "बस, बाप्पा, बस." मी फोन परत माझ्या कानाला लावतो.

"बसला का?"

"बसला, काका."

"ऐकते ना अजून?"

"ऐकते," मी म्हणतो. "चांगला ऐकते."